शाळेतली खिचडी आणि वाडीवरची भूक

मुंबईहून रेल्वेने शंभर किलोमीटरवर असलेले कर्जत आणि त्याला लागून पसरलेला खालापूर तालुका म्हटले, की शहरवासीयांना आठवतात ती शेतघरे, पावसाळ्यातले धबधबे, नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी आणि स्थानकावरचा बटाटावडा. सह्याद्रीच्या पायथ्याशी, डोंगरउतारांवर आणि दोन गावांमधल्या माळांवर वसलेल्या ठाकूर व कातकरी समाजांच्या वाड्या या चित्रात सहसा नसतात. २०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअकरा टक्के होते. कर्जत आणि खालापूर हे त्यांच्या वस्तीचे महत्त्वाचे तालुके आहेत. या वाड्यांवरील अनेक मुलांच्या दिवसातले सर्वांत भरवशाचे जेवण घरी नव्हे, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिजते.

सरकारी भाषेत त्याला ‘शालेय पोषण आहार’ म्हणतात. लोकांच्या तोंडी ती ‘खिचडी’ आहे. या खिचडीवर टीकाही पुष्कळ होते आणि तिच्याकडून अपेक्षाही पुष्कळ केल्या जातात. मुलांच्या आरोग्यावर तिचा परिणाम नेमका किती होतो, याचे उत्तर मात्र दोन साध्या प्रश्नांत दडलेले आहे. ताटात भाताखेरीज काय असते, हा पहिला प्रश्न. मूल त्या ताटापुढे वर्षातले किती दिवस बसते, हा दुसरा. कर्जत-खालापूरच्या वाड्यांपुरते बोलायचे, तर दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक गंभीर आहे आणि त्याची चर्चा मात्र फारच कमी होते.

तीन किलो तांदळापासून ताटापर्यंत

शाळेत मुलांना जेवू घालण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. तत्कालीन मद्रास राज्यात मुख्यमंत्री के. कामराज यांनी १९५६ मध्ये ही योजना हाती घेतली आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा मोठा विस्तार केला. देशपातळीवर ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रातही त्याच वर्षी तिची अंमलबजावणी सुरू झाली. परंतु पहिली काही वर्षे मुलांना शिजवलेले अन्न मिळत नव्हते. ज्याची उपस्थिती ८० टक्के असेल, त्या विद्यार्थ्याला दरमहा तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी दिला जाई. तो तांदूळ घरच्या डब्यात जाऊन पडे आणि घरातल्या सर्व तोंडांत वाटला जाई. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पोटात त्यातला किती गेला, याचा हिशेब कोणापाशीच नसे.

हे चित्र पालटले ते सर्वोच्च न्यायालयामुळे. ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संघटनेने २००१ मध्ये अन्नाच्या हक्कासाठी केलेल्या याचिकेवर न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी अंतरिम आदेश दिला. किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले अन्न वर्षातून किमान २०० दिवस प्रत्येक मुलाला शाळेतच द्यावे, असा तो आदेश होता. त्यानंतर महाराष्ट्रातील शाळांत चुली पेटल्या आणि ‘खिचडी’ हा शब्द शालेय जीवनाचा भाग झाला. २००६ मध्ये प्राथमिक वर्गांसाठीचे प्रमाण ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने असे वाढविण्यात आले. २००७ पासून टप्प्याटप्प्याने सहावी ते आठवीची मुलेही योजनेत आली आणि त्यांच्यासाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरले.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने या जेवणाला हक्काचे स्थान दिले. तोवर जी सरकारची योजना होती, ती मुलाची कायदेशीर मागणी झाली. २०१५ मध्ये या कायद्याखाली नियम झाले. धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे शाळेत अन्न शिजले नाही, तर त्या दिवसाचा अन्नसुरक्षा भत्ता मुलाला द्यावा लागेल, अशी तरतूद त्यात आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने योजनेचे नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे बदलले आणि पूर्वप्राथमिक वर्गांनाही तिच्यात स्थान दिले.

ताटाचा हिशेब

पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. सहावी ते आठवीसाठी ते अनुक्रमे १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० उष्मांक आणि २३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे शाळेतले जेवण ठरल्याप्रमाणे मिळाले, तर मुलाच्या दिवसभराच्या उष्मांकांचा चौथा हिस्सा आणि प्रथिनांचा जवळजवळ निम्मा हिस्सा एकाच वेळी भागतो. ही गोष्ट लहान नाही.

तांदूळ आणि डाळ एकत्र शिजविण्यात शहाणपणही आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत जे कमी पडते, ते तांदूळ भरून काढतो. दोन्ही एकत्र खाल्ल्याने प्रथिनांचा उपयोग शरीराला अधिक चांगला होतो. मात्र हा मेळ डाळीच्या त्या २० ग्रॅमवर उभा आहे. १०० ग्रॅम तांदळातून सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात, २० ग्रॅम डाळीतून साडेचारच्या आसपास. वरण पातळ झाले, तर पोट तेवढेच भरते, उष्मांकही फारसे घटत नाहीत. घटतो तो प्रथिनांचा कस. म्हणूनच खिचडीची परीक्षा भाताच्या ढिगावरून न करता तिच्यात डाळ किती आणि भाजी किती यावरून करावी लागते.

येथे पैशाचा प्रश्न येतो. तांदूळ केंद्राकडून मिळतो. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी मे २०२५ पासून लागू झालेला दर प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे असा आहे. डोंगरावरच्या एखाद्या वाडीतील पंधरा मुलांच्या शाळेचा हिशेब मांडून पाहावा. दिवसाला जेमतेम १०२ रुपये होतात. त्यांत ३०० ग्रॅम डाळ, पाऊण किलो भाजी, ७५ ग्रॅम तेल, मीठमसाला आणि चूल हे सारे बसवायचे असते. शंभर-दोनशे मुलांच्या शाळेत घाऊक खरेदीने थोडीफार बचत होते; वाडीवरच्या लहान शाळेला ती सोयही नसते. बाजार कर्जतला, नेरळला, चौकला किंवा खोपोलीला. भाजी तेथून आणायची तर वाहतुकीचा खर्च भाजीच्या किमतीएवढा होऊ शकतो. साहजिकच भाजीच्या जागी बटाटा-कांदा येतो, कारण तो टिकतो.

अंड्याचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा अन्य फळ देण्याचा निर्णय घेतला होता. जानेवारी २०२५ च्या निर्णयाने त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबला आणि अंड्याचे व गोडाचे पदार्थ लोकसहभागातून द्यावेत, असे ठरले. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात. शिवाय मुलांना ते आवडते आणि त्यात पाणी घालून वाढवता येत नाही. लोकसहभाग शहराजवळच्या सधन गावात मिळेल. ज्या वाडीवर सारे पालकच मजूर आहेत, तेथे तो कोणाकडून मागायचा, याचे उत्तर त्या निर्णयात नाही.

अभ्यास काय सांगतात?

शाळेत जेवल्यावर घरी मुलाला कमी वाढतात, म्हणून एकूण लाभ शून्य, असा आक्षेप पूर्वी घेतला जाई. अर्थशास्त्रज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातील ग्रामीण मुलांचा अभ्यास करून २०१० मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनी हा आक्षेप खोडून काढला. शाळेतल्या जेवणामुळे मुलांची दैनंदिन प्रथिनांची तूट पूर्णपणे, उष्मांकांची जवळजवळ ३० टक्के आणि लोहाची सुमारे १० टक्के भरून निघाली, असे त्यांना आढळले. आंध्र प्रदेशात दुष्काळाच्या काळात लहान असलेल्या मुलांची खुंटलेली वाढ पुढे शाळेतील जेवणाने बऱ्याच अंशी भरून निघाली, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. टंचाईच्या दिवसांत हे जेवण ढालीसारखे काम करते, हा त्याचा अर्थ.

तिसरा अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आला. ज्या मुलींना शाळेत असताना हे जेवण मिळाले, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने अधिक चांगली होती. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. वयाच्या मानाने उंची कमी राहणे, ज्याला खुजेपण म्हणतात, त्याची सुरुवात गर्भावस्थेत आणि पहिल्या दोन वर्षांत होते. सहा वर्षांच्या मुलाला खिचडी देऊन ते पूर्ण भरून काढता येत नाही. ते काम अंगणवाडीचे आणि गरोदर मातेच्या आहाराचे. पण आज शाळेत जेवणारी मुलगी उद्याची माता आहे. वाडीवरची मुलगी पाचवीत शाळा सोडते आणि लवकर लग्न होऊन जाते, तेव्हा तुटतो तो केवळ तिचा अभ्यास नव्हे. पुढच्या पिढीच्या पोषणाचा धागाही तेथेच तुटतो.

पोट भरले, रक्ताचे काय?

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात देशातील पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे २४ टक्के आणि किशोरवयीनांपैकी २८ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. रक्तक्षय झालेले मूल आजारी दिसतेच असे नाही. ते लवकर दमते, वर्गात पेंगते, खेळात मागे राहते. आणि शिक्षक त्याला आळशी समजतात.

सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह लागते. पॉलिश केलेल्या तांदळात ते नगण्य असते. म्हणून शाळांना पोषकमूल्ये मिसळलेला, ‘फोर्टिफाइड’ तांदूळ दिला जाऊ लागला. त्याच्या एक किलोत २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, तसेच फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व असावे, असे प्रमाण आहे. म्हणजे १०० ग्रॅममधून तीन-चार मिलिग्रॅम लोह मिळते. हे मिसळलेले दाणे नेहमीच्या दाण्यांहून वेगळे दिसतात आणि पाण्यात तरंगतात. त्यामुळे ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून ते निवडून टाकले जातात. तसे करणे म्हणजे नेमके औषधच फेकणे होय. हे स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना आणि पालकांना समजावून सांगणे आवश्यक आहे.

याच्या जोडीला ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना ती गुलाबी, तर दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना निळी असते. वर्षातून दोनदा जंतनाशक अल्बेंडॅझोलची गोळी असते. अनवाणी फिरणाऱ्या मुलांत अंकुशकृमींचा संसर्ग होतो आणि ते आतड्यांतून रक्त शोषतात. तेव्हा जंत काढल्यावाचून लोह देणे म्हणजे भोक पडलेल्या घड्यात पाणी ओतणे होय. आणखी एक गोष्ट सहज करता येण्याजोगी आहे. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला, तर अन्नातील लोह शरीराला कमी मिळते. वाडीवर मुलांनाही कोरा चहा देण्याची सवय आहे. तो जेवणापासून तास-दोन तास दूर ठेवला आणि ताटात लिंबाची फोड किंवा आवळा आला, तर त्याच अन्नातून अधिक लोह शोषले जाते.

रानातले अन्न आणि शाळेतले अन्न

ठाकूर आणि कातकरी समाजांना पोषणाचे धडे शहरातून शिकवावे लागत नाहीत. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर येणारे शेवळे, ते खाजू नये म्हणून त्यात घालायची काकडाची फळे, मग टाकळा, कुर्डू, भारंग, फोडशी, लोत, कंटोळी, पुढे करांदे आणि इतर कंद; ओढ्यातले खेकडे, शेतातले मुठे, मळ्याचे मासे, झिंगे आणि पावसाळ्यासाठी साठवलेली सुकट ही त्यांच्या आहाराची खरी विविधता होती. पाल्यातून जीवनसत्त्वे व खनिजे मिळत, खेकडे-माशांतून प्रथिने आणि कॅल्शियम. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई पिके. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात १० मिलिग्रॅमही नसते.

हे अन्न आता आटत आहे. जमिनी शेतघरांसाठी आणि प्रकल्पांसाठी विकल्या गेल्या, कुंपणे पडली, जंगल विरळ झाले. नाचणीची जागा रेशनच्या तांदळाने घेतली. ज्या रानभाज्या घरच्या ताटात पडत, त्या आता कर्जत, नेरळ आणि खोपोलीच्या बाजारात विकायला जातात, कारण घरात रोख पैसा हवा असतो. आणि त्या पैशातून मुलाच्या हातात येते ते पाच-दहा रुपयांचे कुरकुरीत पाकीट. मीठ, तेल आणि पिठूळ पदार्थ यांखेरीज त्यात फारसे काही नसते. पण भूक मात्र मरते आणि दुपारची खिचडी ताटात राहते. शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत असे अतिमेद, अतिगोड व अतिखारट पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. वाडीतल्या टपरीपर्यंत तो पोहोचलेला दिसत नाही.

शाळेच्या जेवणात हे स्थानिक अन्न आणण्यास नियमांची आडकाठी नाही. शाळेत परसबाग करावी, असे केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शेवगा, आळू, माठ, भोपळा, दुधी, लिंबू यांना मोठी जागा लागत नाही. कर्जत-खालापूरला पावसाळ्यात पाण्याची ददात नाही. अडचण येते ती मार्च ते मे या महिन्यांत. भांडी घासल्याचे आणि हात धुतल्याचे पाणी वळवले, तर शेवग्याची दोन झाडे उन्हाळ्यातही तग धरतात. शेवग्याचा मूठभर पाला रोजच्या वरणात पडणे हे एखाद्या दिवशीच्या गोड पदार्थापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

वाडीवरचे वर्ष आणि शाळेचे वर्ष

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. वाडीवर भुकेचेही एक पंचांग असते. अश्विन-कार्तिकात भात कापला जातो, तेव्हा घरात धान्य असते. ज्यांची थोडी जमीन आहे, त्या ठाकूर कुटुंबांचे धान्य काही महिने पुरते. कातकरी बहुतांशी भूमिहीन. त्यांचे सारे मजुरीवर चालते. सर्वांत कठीण काळ ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंतचा. साठा संपलेला, आवणीचे दिवस सोडले तर काम नाही, ओढ्यांना पूर आलेले आणि मुले ताप-जुलाबांनी हैराण. नेमक्या याच काळात, जूनच्या मध्यावर, शाळा उघडते. पावसाळ्यातल्या त्या रिकाम्या महिन्यांत शाळेची खिचडी जे करते, ते दुसरी कोणतीही योजना रोजच्या रोज करत नाही.

पण त्याआधीचा मे महिना? उन्हाळी सुटीत चूल बंद असते. २०१६ च्या दुष्काळात, ‘स्वराज अभियान’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागांत सुटीतही जेवण देण्याचा आदेश दिला होता. करोनाकाळात शाळा बंद असताना शिधा घरोघर देण्याची व्यवस्था झाली होती. म्हणजे सुटीतही मुलांपर्यंत अन्न पोहोचवता येते, हे सिद्ध झालेले आहे.

सर्वांत मोठी गळती मात्र दिवाळीनंतर होते. कातकरी कुटुंबे भात कापणी संपली, की वीटभट्ट्यांवर जातात. कोणी जवळच्या पनवेल, कल्याण, भिवंडीकडे. तर कोणी कोळसा पाडण्यासाठी दूर घाटावर आणि परराज्यात. मालकाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते, त्यामुळे न जाण्याचा पर्याय नसतो. मुले बरोबर जातात, कारण वाडीवर त्यांना सांभाळायला कोणी उरत नाही. परत येणे होते ते पावसाच्या तोंडावर. म्हणजे शाळेचे संपूर्ण दुसरे सत्र हातचे जाते आणि त्याबरोबर वर्षातले निम्मे जेवणही.

या मुलाचे नाव वाडीच्या शाळेच्या पटावर असते, पण ताट नसते. भट्टीजवळच्या शाळेत ताट असते, पण तेथे त्याचे नाव नसते. अन्नसुरक्षा भत्त्याचा नियम त्याच्या कामी येत नाही, कारण तो अन्न न शिजवणाऱ्या शाळेसाठी आहे; शिजवलेल्या अन्नापर्यंत न पोहोचलेल्या मुलासाठी नाही. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंदवलेल्या महाराष्ट्रातील तीन आदिवासी जमातींपैकी एक आहे. माडिया गोंड आणि कोलाम या इतर दोन. ज्या समाजासाठी हे जेवण सर्वांत गरजेचे, त्याच समाजाची मुले त्याला सर्वाधिक मुकतात, अशी ही विपरीत स्थिती आहे.

याला उपाय नाहीत असे नाही. ठाणे जिल्ह्यात ‘विधायक संसद’ या संस्थेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ चालवून दाखवल्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहे चालविली गेली, ज्यांत मूल गावातच राहते आणि त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होते. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देऊन नव्या ठिकाणी त्वरित दाखल करून घेण्याची पद्धतही शिक्षण विभागाने आणली. रेशनकार्डावर देशात कोठेही धान्य मिळू शकते, तर मुलाचे दुपारचे ताटही त्याच्याबरोबर प्रवास करू शकले पाहिजे. आश्रमशाळा हा एक मार्ग आहेच. आदिवासी विकास विभागाच्या पेण प्रकल्पाखाली कर्जत तालुक्यात पाथरज, भालिवडी, पिंगळस, चाफेवाडी येथे निवासी शाळा आहेत आणि तेथे नाश्त्यासह दोन्ही वेळचे जेवण मिळते. परंतु सहा वर्षांचे मूल आईपासून तोडून वसतिगृहात ठेवणे हे प्रत्येक कुटुंबाला मानवत नाही, आणि त्यासाठी त्या कुटुंबाला दोष देता येणार नाही.

चूल सांभाळणारे हात

ग्रामीण शाळांत हे अन्न बचत गट किंवा गावातल्याच महिला शिजवतात. २५ विद्यार्थ्यांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन आणि पुढे दर शंभरांमागे एक अशी स्वयंपाकी-मदतनिसांची संख्या ठरलेली आहे. २००९ मध्ये केंद्राने त्यांचे मानधन दरमहा १००० रुपये आणि तेही वर्षातून दहा महिने असे ठरवले. राज्याने नंतर आपल्या वाट्यातून त्यात भर घातली. तरीही रोजच्या शेतमजुरीशी त्याची तुलना होऊ शकत नाही. पाणी आणणे, तांदूळ निवडणे, शिजवणे, वाढणे आणि भांडी घासणे एवढे काम या मानधनात एकच बाई करते. अन्नाच्या दर्जाबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही.

निष्काळजीपणाची किंमत किती भयंकर असते, हे जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात दिसले. कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजवलेले अन्न खाऊन गंडामन गावातील शाळेची २३ मुले दगावली. वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखून त्याची नोंद करावी, हा नियम त्यामुळेच केवळ कागदी उपचार समजू नये. आणखी एक लाभ आकड्यांत मावत नाही. ठाकूर, कातकरी, आगरी, मराठा, धनगर, बौद्ध अशी सर्व घरांतली मुले एका ओळीत बसून एकाच पातेल्यातले खातात. कातकऱ्याच्या हातचे पाणी न पिणाऱ्या पिढ्या या परिसराने पाहिल्या आहेत.

पालकांनी काय पाहावे?

शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते. या समितीतील आणि बाहेरच्याही पालकांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

तांदूळ, डाळ व तेल पटावरच्या नव्हे, तर त्या दिवशीच्या उपस्थितीनुसार मोजून घेतले जाते का? वरणात डाळ दिसते का? आठवड्यात किती दिवस बटाटा-कांद्याखेरीज दुसरी भाजी असते? धान्याच्या पोत्यांखाली फळ्या आहेत का आणि कीटकनाशके त्या खोलीपासून दूर आहेत का? पिण्याचे पाणी झाकलेले व शुद्ध केलेले आहे का? जेवणापूर्वी मुले साबणाने हात धुतात का? चव नोंदवही रोज भरली जाते का? गोळ्या ठरलेल्या दिवशी, जेवणानंतर दिल्या जातात का? वर्षातून किमान एकदा मुलांची उंची, वजन आणि डोळे तपासले जातात का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दिवाळीनंतर जी मुले शाळेत दिसत नाहीत, ती कोठे गेली आणि तेथे दुपारी काय खातात, हे कोणी विचारते का?

कर्जत परिसरात भात संशोधन केंद्र आहे. ‘कर्जत-३’सारखे भाताचे वाण येथूनच राज्यभर गेले. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्याने पेज नदी उन्हाळ्यातही वाहते आणि राजनाल्याच्या पाण्यावर तालुक्याच्या एका पट्ट्यात दुबार भात पिकते. अन्न पिकवण्याची या भूमीला अडचण नाही. अडचण आहे ती पिकलेले अन्न डोंगरावरच्या आणि भट्टीवरच्या मुलाच्या ताटात, वर्षभर, रोज पोहोचवण्याची. खिचडी बेचव आहे की रुचकर, यावरची चर्चा चालू राहीलच. पण शाळांच्या तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी पातेल्यात डोकावण्याबरोबरच हजेरीपटावरचे जानेवारीचे पान उघडावे. त्या पानावरच्या गैरहजेरीच्या खुणा म्हणजे त्या मुलांनी न जेवलेली ताटे आहेत आणि ती मोजण्याची व्यवस्था अद्याप कोणत्याही नोंदवहीत नाही.